डाव्या हातानं जेवणारा माणूस

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या एका संस्थेनं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय होता, 'मूक विनोदी चित्रपटांचा चिरस्थायी सर्जनशील प्रभाव'. फोनवर विषय सांगताना संयोजकांना मध्येच एकदा श्वास घ्यावा लागला. मी विचारलं, "बोलताना लोक हसले तर चालेल ना?" पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली. मग ते म्हणाले, "चालेल ना मॅडम, पण शेवट गंभीर करा. अध्यक्ष ज्येष्ठ आहेत."

मी विनोदी एकांकिका लिहिते. म्हणजे तसा माझ्यावर आरोप आहे. माझ्या एकांकिकांत माणसं फार बोलत नाहीत. एक जण दारात चप्पल जरा जोरात काढतो, दुसरी ताटात भाकर जरा वरून टाकते, आणि तेवढ्यात एक अख्खा संसार उभा राहतो, असं आपलं मला वाटतं. परीक्षकांना वेगळं वाटतं. एकानं त्यात 'अर्थगर्भ मौनाचे अवकाश' बघितले. दुसऱ्यानं 'महानगरातल्या तुटलेपणाची वेदना' शोधून काढली आणि बक्षीसही देऊन टाकलं. मी मंगरूळपीरच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकत मोठी झाले. महानगराशी माझा संबंध एवढाच, की तिथले वाचक मला 'तुमच्याकडे अजून बैलगाड्या आहेत का हो' असं प्रेमानं विचारतात. पण बक्षीस परत करण्याइतकी मी तत्त्वनिष्ठ नाही. शाल चांगली उबदार होती.

मुलाखतीत हमखास विचारतात, तुमच्यावर प्रभाव कुणाचा? अशा वेळी परदेशी नाव घ्यायचं असतं, शक्यतो उच्चारायला अवघड. मीही घेते. समोरचाही ते नाव ऐकून मान डोलावतो, आणि दोघांनीही त्या माणसाचं काही पाहिलेलं नसल्यानं गप्पा छान रंगतात. पण इथे ज्येष्ठ अध्यक्ष नाहीत, तर खरं सांगून टाकते. माझ्या सगळ्या लिहिण्यावर एकाच सिनेमाचा प्रभाव आहे आणि तो मी पाहिलेला नाही. तो माझ्या आईबापानं पाहिला. बापानं पुढून, आईनं मागून.

आमचं ओलिताचं शेत मंगरूळपीरपासून सायकलच्या अंतरावर आहे. विहीर आहे, म्हणून मेथी, पालक, वांगी, सांबार असं बारमाही काहीतरी लावलेलं असतं. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे महानगरातल्या वाचकांसाठी. माय किन्हीराजा गावची. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी गावात सरकारी प्रचाराची गाडी आली. खत कुठलं टाकावं आणि लेकरं किती होऊ द्यावीत, या दोन बाबतींत सरकारला गावाला शहाणं करायचं होतं. असलं शहाणपण ऐकायला कोणी बसत नाही हे सरकारलाही ठाऊक होतं, म्हणून आधी एक मूक विनोदी रीळ दाखवायचे. लोक हसायला जमायचे आणि खताच्या तावडीत सापडायचे.

शाळेपुढच्या मोकळ्या जागेत दोन बल्ल्या रोवून मध्ये पांढरं कापड ताणलं. पुरुष मंडळी सिनेमाच्या मशीनच्या बाजूला बसली. बायका कापडाच्या मागच्या बाजूला. बाईमाणसानं बाप्यांच्या देखत दात काढायचे नाहीत, अशी गावाची सभ्यता होती. हसायचं असेल तर पडद्याआड हसा. आवाज नसलेला सिनेमा असल्यामुळे मागून पाहण्यात काही कमी पडणार नाही, असं सरपंचांनी सगळ्यांना समजावलं. समजावताना ते स्वतः पुढच्या बाजूला खुर्चीवर बसले होते.

सिनेमातला माणूस होता एक रंगारी, वाळलेला, लांब मानेचा. खांद्यावर शिडी. कोणी मागून हाक मारली की हा वळायचा आणि शिडीचं दुसरं टोक जाड्या मुकादमाच्या टाळक्यात बसायचं. मग मुकादम जेवायला बसतो, आणि हा शिडीवर बसून वरच्या वर त्याच्या पानातला पाव उचलून खातो. तेही एवढ्या अदबीनं, की दर घासाला रंगाच्या कुंच्यानं तोंड पुसतो. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की मला त्या मुकादमाच्या शर्टाच्या गुंड्यासुद्धा दिसतात.

सिनेमा संपला. गाव हसून हसून दमलं आणि घरोघर गेलं. आमच्या ओसरीवर माझी आजी, शेजारपाजारच्या दोन-चार बाया, बा आणि नवी नवरी माय एवढी मंडळी जमली. मायला त्या रंगाऱ्याचं फार वाईट वाटलं होतं. ती म्हणाली, "एवढा गुनाचा मानूस, अन् डाव्या हातानं जेवते! लहानपनी कोनी शिकवलं नाई वाटते त्याले."

बा म्हणाला, "डाव्या? उजव्या हातानं जेवत होता तो."

"डाव्या."

"अवं, मी डोयानं पाह्यलं."

"मंग मी काय कानानं पाह्यलं?"

नव्या नवरीनं सासूसमोर एवढं बोलणं म्हणजे त्या काळी फारच झालं. बायांनी तोंडाला पदर लावले. पण सगळ्या बाया मायच्या बाजूनं होत्या, कारण सगळ्यांनाच तो डाव्या हातानं जेवताना दिसला होता. बाहेरून दोन-तीन पुरुष आले, ते बाच्या बाजूनं. आता आपल्याकडे माणूस चोर असला तरी चालतो, पण डाव्या हातानं जेवणारा म्हणजे त्याच्या सगळ्या घराण्याचाच प्रश्न येतो. वाद तापला. आणि तेव्हा बा जे बोलला, त्यावर माझं सगळं साहित्य उभं आहे. बा म्हणाला, "तुमी बाया मांगून पाहून राह्यल्या होत्या. मांगून पाहनाराले काय दिसते?"

मायनं तोंड मिटलं. फक्त त्याच्यापुरतं. बाकी गावाशी ती भरपूर बोलायची.

गाव तो वाद पुढच्या बाजारापर्यंत विसरलं. आमच्या घरानं मात्र जपून ठेवला. माय बाशी बोलेना, म्हणून बा मायशी बोलेना. त्याच अबोल्यात यथावकाश माझा जन्म झाला, तेव्हा तो अबोला कितपत कडक होता, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या सभ्यतेनुसार करावा. पण शब्दापुरता तो पक्का होता. एकदा ओसरीत साप निघाला. बा पाठमोरा बसून दोरी वळत होता. मायनं हाक मारली नाही. परात घेतली आणि उलथण्यानं अशी बडवली, की बाच्या आधी सापच निघून गेला. मी तापानं फणफणले तेव्हा दोघंही रात्रंदिवस माझ्याशी बोलायचे, एकमेकांबद्दल.

आमच्या घरात ताटाचा आवाज वाचता यायचा. ताट अलगद ठेवलं तर सगळं ठीक. जरा वरून ठेवलं तर बाजारातून मीठ आणायचं राहिलं. गुळाचा खडा ताटाच्या कडेला असला, तर आज मायचा मूड चांगला, कारण विचारू नये. बाची भाषा दुपट्ट्याची होती. दुपट्टा खांद्यावर म्हणजे तो शेतात चालला. खुंटीवर म्हणजे जेवायला वाढा. डोक्यावरून घेऊन भिंतीकडे तोंड केलं, की त्याचं काहीतरी दुखतंय आणि ते मायनं ओळखून दाखवावं. माय ओळखायची. बोलायची मात्र बकरीशी. "आज कोनाचं पोट दुखते वाटते, ओवा ठेवला हाय म्हना फळीवर." बकरीला ओवा काय करायचा होता कोण जाणे, ती आपली ऐकून घ्यायची.

सगळ्यात देखणा खेळ असायचा पाण्याच्या पाळीला. स्प्रिंकलरचे लांब पाईप बा खांद्यावर टाकून एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात न्यायचा. माय खाली बसून निंदत असायची. वळताना पाईपाचं मागचं टोक बरोबर तिच्या डोक्यावरून जाणार. दुसरा नवरा असता तर 'सरक वं' म्हणाला असता. अबोल्यात ते कसं म्हणणार? मग बा वळण्याआधी नुसता खाकरायचा आणि माय मान वर न करता, निंदणं न थांबवता, डोकं खाली घालायची. पाईप सपकन वरून जायचा. ती पुन्हा सरळ. तो परत यायचा, खाकरायचा, ती पुन्हा खाली. मी बांधावर बसून हे पाहत राहायची. तोच रंगारी, तीच शिडी, फक्त आमचा मुकादम हुशार होता. वेळेचं भान म्हणजे काय, हे पुढे मला शिबिरांत मोठमोठ्या माणसांनी शिकवायचा प्रयत्न केला. मी वहीत उतरवून घेतलं, वाईट दिसू नये म्हणून.

मूकपटात माणसांच्या मध्ये पाट्या येतात ना, कोण काय म्हणालं ते सांगणाऱ्या, ती पाटी मी होते. "माय, बा म्हनते उद्या वांगे तोडाचे हायत." माय समोरच बसलेली असायची, बाही समोरच. "सांग त्याले, मले डोये हायत, मले दिसते." 'दिसते' या शब्दावर ती मुद्दाम जोर द्यायची. मी बाकडे वळायची. बा म्हणायचा, "आयकलं." आणि तरीही मी सांगेपर्यंत उठायचा नाही. पाटी आल्याशिवाय पुढचं दृश्य सुरू करायचं नाही, हा नियम दोघांनीही पाळला. एवढी शिस्त मला पुढे एकाही नाटक कंपनीत दिसली नाही.

शाळेत आरशाचा धडा आला तेव्हा मला एकदम उलगडा झाला. मी धावत घरी आले. औषधाच्या बाटलीबरोबरचा पातळ कागद कंदिलासमोर धरला आणि दोघांनाही दोन बाजूंनी दाखवला. एका बाजूनं अक्षरं सरळ, दुसऱ्या बाजूनं उलटी. म्हटलं, बा पुढून पाहत होता म्हणून त्याला उजवा दिसला, माय मागून पाहत होती म्हणून तिला डावा. तुम्ही दोघंही बरोबर. मला वाटलं होतं, आता हे दोघं एकमेकांकडे बघून हसतील. माझं वय तेव्हा असलं काही वाटण्याचं होतं.

बा म्हणाला, "म्हंजे असलमध्ये उजवाच ना?" आणि दुपट्टा खांद्यावर टाकून निघून गेला.

माय चुलीपुढे बसून राहिली. मी तिला म्हटलं, "माय, तूही बरोबर हायस ना वं, मंग काय झालं?" ती म्हणाली, "मले बरोबर नाई ठरायचं. तो उजव्यानं जेवो नाई तं पायानं जेवो. 'मांगून काय दिसते' म्हनला तो चार बायांत. 'तुले दिसलं' एवढं म्हनाव त्यानं. बस."

हे मी बाला सांगितलं नाही. पाटीवर मावणारं ते वाक्य नव्हतं. आणि तिनंही 'सांग त्याले' म्हटलं नव्हतं.

बाच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्यानं तो रंगारी नुसता लक्षात ठेवला नाही, अंगात भिनवून घेतला. धुळवडीला गावात सोंगं निघायची, त्यात बा दरवर्षी रंगारी व्हायचा. मान लांब करायचा, खांद्यावर पाईप घ्यायचा आणि भाकरीचा तुकडा अशा अदबीनं खायचा की लोकांची मुरकुंडी वळायची. अनसिंग गावच्या पाहुण्यांपर्यंत त्याचं नाव गेलं होतं. खायचा अर्थातच उजव्या हातानं, हात जरा जास्तच वर करून. माय दारात उभी राहून सोंग पाहायची, आणि बाच्या हातात तुकडा आला की घरात निघून जायची. तेवढं एकच दृश्य तिनं कधी पाहिलं नाही.

तर अशी माझी सर्जनशील जडणघडण. आता मी वाशीमला राहते. व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा ठरवलं, या वेळी परदेशी नाव घ्यायचं नाही. बाचा रंगारी मोबाईलमध्ये घ्यायचा आणि मोठ्या पडद्यावर दाखवायचा. ज्येष्ठ अध्यक्षांना कळू दे, चिरस्थायी म्हणजे काय असतं ते.

मंगरूळपीरला बस सोडली आणि शेतावर गेले. दोघंही आता म्हातारे झालेत, पण शेत सोडून कुठे जायला तयार नाहीत. अबोलाही तसाच, जागच्या जागी. पण कलेची मात्र फार घसरण झाली होती. बा पाईप आता खांद्यावर घेत नव्हता. जमिनीवरून ओढत नेत होता, तोही मायच्या मागून नाही, तर लांबचा फेरा घालून, तिच्या समोरून. ती बघायची, सरकायची, मग हा जायचा. खाकरणं नाही, डोकं खाली घालणं नाही. मला हळहळ वाटली. केवढा प्रवेश होता आणि म्हातारपणानं त्याचा कसा बट्ट्याबोळ केला! घरातही तेच. मायनं गॅसवर कुकर ठेवला आणि ओसरीत मेथी निवडायला बसली. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. ती ढिम्म. शेवटी बा अंगणातून उठून आला आणि गॅस बंद करून परत जाऊन बसला. पूर्वी तो भिंतीकडे तोंड करून बसला असता आणि कुकर फुटला असता तरी हलला नसता. चहाचा कप त्यानं खाली आपटला नाही. मायच्या डोळ्यांसमोर नेऊन ठेवला, रिकामा. तिनं मान वर केली आणि भरला. मी मनात म्हटलं, नट थकले.

मोबाईल एका उलट्या टोपल्याला टेकवून अंगणात ठेवला. बाला स्वतःला पाहता यावं म्हणून समोरचा कॅमेरा लावला. या कॅमेऱ्यात माणूस आरशात दिसावा तसा दिसतो, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मी म्हटलं, "बा, तो रंगारी कर ना." वय विसरून तो लगेच मोबाईलसमोर येऊन बसला. मान लांब केली. मला भाकरीचा तुकडा आणायला लावला. माय पाठमोरी ओसरीत होती. बानं तुकडा उचलला, हात वर केला, मोबाईलमध्ये पाहिलं, आणि तिथेच थांबला.

"काय झालं?"

"हा डाव्या हातानं खाऊन राह्यला."

"तसंच दिसते त्याच्यात."

बानं आपल्या हाताकडे पाहिलं. उजवाच होता. मोबाईलमध्ये पाहिलं. डावा. त्यानं हात खाली केला, वर केला. मग उठून मोबाईलच्या मागे जाऊन वाकून पाहिलं, तिथे कोणी दुसरा जेवत बसलाय का ते. पुन्हा येऊन बसला. मी एवढी वर्षं एकांकिका लिहिते, पण माणसाला एखादी गोष्ट कळतानाचा चेहरा मला तोवर कधी लिहिता आला नव्हता. कंदील, कागद, आरशाचा धडा, सगळं मी त्याला माझ्या लहानपणीच दाखवलं होतं. पण ती अक्षरं होती. हा तो स्वतः होता, भाकर खाताना.

"असंच दिसलं असंन तिले," तो म्हणाला. मग ओसरीकडे वळला आणि मोठ्यानं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पहिल्यांदा, थेट तिला हाक मारली. "अवं! आयकलं का? तो डावराच होता. तुले दिसलं ते बरोबर दिसलं."

ज्या शब्दांसाठी मायनं सगळा संसार मुक्यानं केला, ते शब्द अंगणात पडले होते. आणि माय मेथी निवडत होती. मान वळली नाही, हात थांबला नाही. एक काडी टाकली, दुसरी घेतली.

मला भयंकर राग आला. एवढा ताठा! म्हाताऱ्यानं माघार घेतली आणि हिला साधं वळून बघवत नाही? मी ओसरीकडे निघाले, चांगलं सुनवायचंच म्हणून. "माय, बा तुह्याशी बोलला ना वं!"

बानं माझं मनगट धरलं. त्याचा चेहरा पडला होता. "राहू दे. मी इसरलोच. तिले आयकू येत नाई."

"कवापासून?"

"लय दिवस झाले. कमी कमी होत गेलं."

"अन् मले काहून नाई सांगतलं कोनी?"

"तिले लाज वाटते. तुह्यासमोर तुह्या तोंडाकडं पाहून सारं समजून घेते."

मी म्हटलं, "तू तं बोलतच नाई तिच्याशी. तुले कसं समजलं?"

"बोलत नाई म्हनून तं समजलं," बा म्हणाला. "पाहूनच राह्यलो ना इतके दिवस. खाकरलो तं डोकं खाली नाई गेलं एक दिवस. पाईप लागला तिले. जरासाच लागला. मंग नाई घेतला खांद्यावर."

मी खाली बसले. तो ओढत नेलेला पाईप, तो लांबचा फेरा, तो बंद केलेला गॅस, डोळ्यांसमोर ठेवलेला कप. मी त्याला कलेची घसरण म्हणत होते. ज्या घरात सगळं खुणांवर चालतं, तिथे एक माणूस हळूहळू बहिरं झालं आणि मला, मौनाच्या बक्षीसपात्र लेखिकेला, पत्ता लागला नाही. मला रडू आलं. बा माझ्याकडे न बघता भाकरीचा तुकडा हातात फिरवत बसला.

मी डोळे पुसून म्हटलं, "बा, मी सांगीन तिले. समोर बसून, हळू हळू. माह्याच तोंडून समजते ना तिले." माझं जुनं कामच होतं ते.

बानं मान हलवली. "नाई. हे तू नको सांगू."

व्याख्यानात मी इथवरच सांगितलं. गंभीर शेवट हवा होता, तो मिळाला. अध्यक्षांनी समारोपात 'संवादाच्या शोकांतिके'बद्दल बराच वेळ संवाद साधला, आणि मला आणखी एक शाल मिळाली. पुढचं तिथे सांगावंसं वाटलं नाही. त्यांनी त्यातही काहीतरी शोधून काढलं असतं.

पुढचं एवढंच, की दुपारी आम्ही जेवायला बसलो. बा भिंतीशी, मी बाजूला, माय समोर भाकरीची टोपली घेऊन. आमच्याकडे अजून ती सगळ्यांचं झाल्याशिवाय जेवत नाही, कितीही सांगा. तिनं बाच्या ताटात वांग्याची भाजी वाढली, भाकर ठेवली, ठेचा ठेवला. बानं ताट थोडं पुढे ओढलं. माय आपल्याकडे बघते आहे की नाही, ते पाहिलं. ती बघत नव्हती. तो थांबला. तिनं मान वर केली, भाकर हवी का म्हणून. तेव्हा बानं मान लांब केली, खांदे पाडले, आणि डावा हात ताटात घातला.

त्या हातानं त्यानं जन्मात कधी अन्नाला शिवलं नव्हतं. घास नीट मोडताही येईना. भाकर ताटातल्या ताटात सरकत होती. त्यानं कसाबसा एक तुकडा तोडला, भाजीत बुडवला, मोठ्या अदबीनं तोंडात घातला आणि दुपट्ट्याच्या टोकानं, कुंच्यानं पुसावं तसं, तोंड पुसलं. मग दुसरा घास. आणि सगळा वेळ तिच्याकडे बघत होता.

मायचा भाकर धरलेला हात तसाच राहिला. तिला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग तिनं त्या मानेकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं. पदर तोंडाला गेला, आणि पदराआड तिचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. बा थांबला नाही. भाजी दाढीला लागली, सदऱ्यावर सांडली, तरी तिसरा घास त्यानं डाव्याच हातानं घेतला.

मायनं टोपली खाली ठेवली. पुढे वाकून त्याचा डावा हात मनगटाशी धरला आणि ताटाबाहेर काढला. आणि माझ्याकडे न पाहता, बकरीकडे न पाहता, त्याच्याकडे पाहून बोलली. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, पार विहिरीपर्यंत जाईल असं.

"पुरे झालं. उजव्या हातानं जेवा आता!"

बा काहीतरी म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं नाही. उजव्या हातात घास घेतला आणि नुसती मान हलवली, मोठी, पडद्याच्या मागे अगदी शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईलाही दिसेल अशी.